हात छपाईत, कान गप्पांत

कापडावर छपाई करणाऱ्या माणसाचे हात आणि डोळे दिवसभर अडकलेले असतात. जाळीची फ्रेम खाली घ्यायची, स्क्वीजी (शाई जाळीतून दाबणारी रबरी पट्टी) ओढायची, फ्रेम उचलायची, टी-शर्ट पाटावरून अलगद सोडवून शेजारच्या हातात द्यायचा, आणि हे सगळे करताना छापावरची नजर हलू द्यायची नाही, कारण एका कोपऱ्यात शाई कमी बसू लागली आणि ते वेळेत दिसले नाही तर पुढचे दहा नग तसेच निघतात. अशा कामात पुस्तक उघडता येत नाही आणि व्हिडिओ पाहायचा तर काम थांबवावे लागते. कान मात्र मोकळे असतात. साताऱ्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये गेली काही वर्षे या मोकळ्या कानांना मी छपाईवाल्यांचे पॉडकास्ट (इंटरनेटवरच्या ध्वनिमुद्रित गप्पा) ऐकायच्या कामाला लावले आहे, आणि त्यातून आमच्या धंद्यात जे बदलले त्याविषयी सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

साताऱ्यात टी-शर्टच्या छपाईला वर्षभर काम असते. फेब्रुवारीत शिवजयंतीसाठी मंडळांचे भगवे टी-शर्ट असतात, त्यानंतर गावोगावच्या यात्रा आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा येतात, मे महिन्यात दहावीच्या जुन्या तुकड्यांचे स्नेहमेळावे, जूनमध्ये शाळांचे खेळाचे गणवेश, पावसाळ्यात यवतेश्वर घाटातल्या हिल हाफ मॅरेथॉनच्या तोंडावर धावणाऱ्यांच्या गटांची घाई, आणि ती उरकते न उरकते तोच गणेशोत्सव. याशिवाय बाराही महिने येणारे मोठे काम म्हणजे सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्यांचे. ज्या जिल्ह्यात १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली आणि जिथले अपशिंगेसारखे गाव पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठवत आले, तिथे पहाटे रस्त्याने धावणाऱ्या पोरांच्या पाठीवर अकॅडमीचे नाव असणारच, आणि ते नाव आमच्यासारख्या कुणीतरी छापलेले असणार.

काम भरपूर असले तरी हे काम शिकवणारे फारसे कुणी नव्हते. आमच्या पिढीतले बहुतेक छपाईवाले एखाद्या उस्तादाच्या हाताखाली, इचलकरंजीत, पुण्यात किंवा मुंबईत, पाटे पुसता पुसता शिकले. उस्ताद शाई कालवताना पाठ करून उभा राहायचा आणि हिशेब तर गल्ल्याच्या वहीतून कधी बाहेर आलाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, या समजुतीवर आमचा सगळा धंदा उभा होता. उस्तादाच्या हाताखालून निघालेला कामगार स्वतःचे युनिट काढायचा तेव्हा त्याला स्क्वीजी कशी ओढायची हे नीट येत असे, पण एका टी-शर्टचे किती पैसे घ्यावेत हे येत नसे. मग तो शेजारच्याचा दर विचारून घ्यायचा आणि त्यातून पाच रुपये कमी करून पाटी लावायचा. शेजाऱ्याने तो दर कशावरून ठरवला होता, हे त्या शेजाऱ्यालाही सांगता आले नसते.

माझ्या भाच्याने एकदा फोनवर एक इंग्रजी पॉडकास्ट लावून दिला आणि म्हणाला, "मावशी, हे तुमच्याच कामाबद्दल बोलताहेत, कळेल तेवढे ऐक." अमेरिकेत ॲपलने २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि त्यानंतर तिथे हळूहळू प्रत्येक धंद्याचे आपापले पॉडकास्ट निघाले, त्यात कपड्यांवर छपाई आणि भरतकाम करणाऱ्यांचेही निघाले. फ्लोरिडातल्या टँपा शहरातली कोलडेसी या यंत्रविक्री करणाऱ्या कंपनीने 'कस्टम अपॅरल स्टार्टअप्स' नावाचा पॉडकास्ट काढला, त्यात मार्क स्टीफन्सन आणि मार्क विला हे दोघे बोलत. 'टू रेग्युलर गाइज' हा ॲरन माँटगोमेरी आणि टेरी कोम्ब्स यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला. या मंडळींचे इंग्रजी सुरुवातीला माझ्या कानावरून वाहून जायचे. पण छपाईचे शब्द आमच्याकडेही तेच आहेत. मेश (फ्रेमवरची जाळी), इमल्शन (जाळीवरचा प्रकाशाने घट्ट होणारा लेप), प्लास्टिसोल (छपाईची शाई), हीट प्रेस (कपडा दाबून तापवणारे यंत्र), क्युअरिंग (शाई तापवून पक्की करणे) हे ऐकू आले की वाक्याचा सांधा लागायचा, आणि उरलेले संध्याकाळी भाचा समजावून द्यायचा.

मला पहिला धक्का त्यांच्या ज्ञानाने बसला नाही. तो त्यांच्या मोकळेपणाने बसला. एकाच धंद्यातली, कदाचित एकमेकांची गिऱ्हाइके पळवू शकणारी माणसे समोरासमोर बसून एकमेकांना विचारत होती की तू एका फ्रेमचे किती घेतोस, कमीत कमी किती नगांची ऑर्डर धरतोस, घाईच्या कामाला जादा किती लावतोस, आणि ऐकणारा सरळ उत्तर देत होता. आमच्याकडे हा प्रश्न सख्ख्या भावाला विचारला तरी तो चहा मागवतो आणि विषय बदलतो.

दर ठरवण्याबद्दल त्या लोकांनी जितके बोलून ठेवले आहे तितके दुसऱ्या कशाबद्दल क्वचितच असेल, आणि ते ऐकून मी आमच्या नेहमीच्या एका ऑर्डरचा हिशेब वहीत मांडून पाहिला. आकडे उदाहरणादाखल देते, कारण प्रत्येकाची खरेदी वेगळी असते. समजा एका अकॅडमीचे ५० टी-शर्ट आहेत, पाठीवर एका रंगात मोठे नाव आणि छातीवर छोटे बोधचिन्ह. कोरा टी-शर्ट १४० रुपयांना पडला आणि आपण १८० रुपये दर सांगितला. नगामागे ४० रुपये सुटले, म्हणजे एकूण २,००० रुपये. शाई, इमल्शन, फिल्म आणि वीज यांचे नगामागे १२ रुपये धरले तर ६०० गेले, १,४०० उरले. पन्नासात दोन नग बिघडतातच, ते आपल्याच पदरचे, म्हणजे आणखी २८० गेले. उरले १,१२० रुपये.

इथपर्यंतचा हिशेब आमच्यातला कुणीही करतो आणि हजाराच्या वर सुटले म्हणून समाधान मानतो. त्या पॉडकास्टवाल्यांनी शिकवले ते याच्या पुढचे. त्या १,१२० रुपयांसाठी किती तास गेले, ते मांडा. व्हॉट्सॲपवर डिझाइन पक्के करताना सरांनी तीनदा अक्षराचे वळण बदलायला सांगितले, त्यात दीड तास गेला. दोन फ्रेमना इमल्शन लावणे, एक्स्पोज करणे (प्रकाश देऊन त्यावर डिझाइन उतरवणे) आणि धुणे यात एक तास. मांडणी आणि चाचणीचा छाप अर्धा तास. दोन माणसांनी तीन-तीन तास छापले आणि तापवले, ते सहा तास. मापाप्रमाणे घड्या घालून नावाच्या यादीशी पडताळून बांधणी एक तास. माल पोचवणे आणि पैशासाठी पुन्हा एक फेरी, दोन तास. फ्रेम धुऊन ठेवणे अर्धा तास. बेरीज साडेबारा तास होते. १,१२० ला साडेबाराने भागले की तासाला ९० रुपयेसुद्धा पडत नाहीत, आणि त्या नव्वदाच्या आतल्या रकमेतून जागेचे भाडे, यंत्राचा हप्ता आणि माणसांचा पगार निघायचा आहे. हा आकडा कागदावर पाहिल्यावर मला आमच्या धंद्यातल्या कितीतरी जणांचे चेहरे आठवले, जे सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत राबतात, ज्यांच्याकडे ऑर्डरींचा ढीग पडलेला असतो, आणि तरी ज्यांच्या मुलाची फी भरायची वेळ आली की हातउसने घ्यावे लागतात. मेहनतीत ते कुठेच कमी नव्हते. त्यांनी स्वतःचे तास मात्र कधी मोजलेच नव्हते.

याला जोडूनच नफ्याच्या टक्केवारीचा घोळ येतो. खर्च १०० रुपये आला, त्यावर ४० चढवले आणि १४० ला विकले, तर आमच्याकडे सगळेच म्हणतात की चाळीस टक्के सुटले. पण विक्रीच्या रकमेतून पाहिले तर १४० पैकी ४० म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के होतात. खरोखर विक्रीच्या चाळीस टक्के हाती राहायला हवे असतील तर तो नग १६७ रुपयांच्या आसपास विकायला हवा. हा फरक कुणा व्यापारशाळेतल्या मुलाला किरकोळ वाटेल. पण मंडळाने दहा टक्के सूट मागितली की आपण कशातून देतो आहोत हे या फरकावर ठरते. १४० चे १२६ झाले की ४० चे २६ उरतात, म्हणजे दहा टक्के सुटीने आपल्या मिळकतीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग नेला. मी हा हिशेब आमच्या युनिटच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे आणि येणारा प्रत्येक छपाईवाला तो उभा राहून वाचतो.

यावर पॉडकास्टवाल्यांनी सुचवलेले उपाय साधे आहेत. फ्रेमचा खर्च नगाच्या दरात न लपवता वेगळा सांगावा, म्हणजे दुसऱ्यांदा तीच ऑर्डर आली तर गिऱ्हाइकाला ती स्वस्त पडते आणि ते परत येते. ठरावीक नगांच्या खाली स्क्रीनची, म्हणजे फ्रेमने छापायची, ऑर्डर घेऊ नये, तिथे डीटीएफ (प्रिंटरने फिल्मवर छापून तो छाप उष्णतेने कपड्यावर उतरवायची पद्धत) वापरावे, कारण बारा नगांसाठी दोन फ्रेम बांधण्यात काहीच हाती लागत नाही. डिझाइनमध्ये दोन बदल मोफत, पुढच्या प्रत्येक बदलाला पैसे. निम्मी रक्कम आगाऊ. यातले शेवटचे दोन साताऱ्यात बोलून दाखवायला धीर लागतो. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक वेळा कुणाचा तरी मेहुणा, शाळेतला वर्गमित्र किंवा आपल्याच गावच्या मंडळाचा अध्यक्ष असतो, आणि "आपल्याच माणसाकडून ॲडव्हान्स घेता का?" हा प्रश्न आला की जीभ अडखळते. भीड भिकेची बहीण, हे आपल्याकडच्या आज्यांनी कधीच सांगून ठेवले आहे, पण ते धंद्यात वापरायला मला दूरदेशीच्या माणसांचे उदाहरण ऐकावे लागले. आता मी कागदावर छापलेले दरपत्रकच पुढे ठेवते. तोंडाने मागताना जो संकोच वाटतो तो छापील कागदाला वाटत नाही, आणि समोरच्यालाही हे सगळ्यांना सारखेच आहे असे पटते.

कारागिरीच्या बाबतीत ऐकलेले जसेच्या तसे इथे चालत नाही, कारण त्यांची मापे वेगळी आहेत. ते टी-शर्टच्या कापडाचे वजन चौरस यार्डाला औंसात सांगतात, त्यांचा ५.३ औंसाचा टी-शर्ट म्हणजे आपला १८० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). ते जाळी इंचाला धागे मोजून सांगतात, त्यामुळे त्यांची ११० नंबरची जाळी म्हणजे सेंटीमीटरच्या मापाने ४३ ची. त्यांचे ३२० अंश फॅरनहाइट म्हणजे आपले १६० सेल्सियस, आणि नेहमीची प्लास्टिसोल शाई पक्की व्हायला साधारण तेवढी उष्णता लागते. या शेवटच्या आकड्यापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

प्लास्टिसोल हवेने वाळत नाही. वरून हात लावला तर कोरडी लागेल, पण शाईचा थर तळापर्यंत त्या उष्णतेला पोचला नसेल तर चौथ्या-पाचव्या धुण्यात अक्षरांना चिरा जातात आणि मग पापुद्रे सुटतात. एका भागात असे ऐकले की यंत्राच्या तबकडीवर दिसणारा आकडा आणि पाटावरचे खरे तापमान यांत फरक असतो, म्हणून थर्मामीटर गनने पाट जागोजागी तपासावा. आम्ही त्याच दिवशी आमच्या हीट प्रेसचे चारही कोपरे तपासले. तबकडीवर १६० होते. मधोमध १५८ निघाले, तीन कोपरे त्याच्या जवळपास होते, आणि डावीकडचा मागचा कोपरा १४५. टी-शर्ट ज्या पद्धतीने आम्ही पाटावर अंथरतो त्यात छातीवरचे बोधचिन्ह नेमके त्या कोपऱ्यापाशी येते. बोधचिन्ह लवकर उडते आणि पाठीवरचे नाव टिकते, अशी तक्रार आमच्याकडे येत होती आणि आम्ही शाईला दोष देत होतो. पाटाच्या आतली हीटरची कॉइल बदलून घेतली आणि आता आठवड्यातून एकदा चारही कोपऱ्यांचे आकडे खडूने भिंतीवर लिहिले जातात. छापलेला टी-शर्ट थंड झाला की तो दोन्ही हातांनी ताणून पाहायचा आणि चिरा दिसल्या तर तो लॉट पुन्हा तापवायचा, ही सवय आमच्या युनिटमधल्या दोघी मुलींना आता सांगावी लागत नाही.

हवेचे मात्र आपले आपल्यालाच पाहावे लागते. साताऱ्याच्या जुलैत इमल्शन लावलेली फ्रेम वाळता वाळत नाही. बोटाला कोरडी लागते पण आत ओल असते, आणि एक्स्पोज करून धुतली की बारीक अक्षरांच्या कडा पाण्याबरोबर निघून जातात. डीटीएफची पावडर दमट हवेत नको तिथे फिल्मला चिकटते आणि छापाभोवती पांढरी कड धरते. याउलट एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी होते की डीटीएफ प्रिंटरमधले पांढऱ्या शाईचे नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रे) बुजतात. पांढऱ्या शाईतला टायटॅनियम डायऑक्साइड जड असल्यामुळे तळाशी बसतो, तो रोज हलवला नाही तर नोझल असलेल्या हेडचे नुकसान होते आणि हेड बदलायचा खर्च छोट्या युनिटला महिनाभर जड जातो. आर्द्रता मोजायचे साधे यंत्र घेऊन ती ४० ते ६० टक्क्यांत ठेवा, फ्रेम वाळवायला वेगळी बंद खोली करा आणि तिथली उष्णता चाळीस अंशांच्या वर जाऊ देऊ नका, हे मी ऐकूनच शिकले. पण कोणत्या महिन्यात खिडकी उघडी ठेवायची आणि कोणत्या महिन्यात फटीला कापड लावायचे, हे टँपातल्या माणसाला सांगता येणार नाही; ते कासच्या बाजूने ढग उतरताना ज्याने पाहिले आहेत त्यालाच सांगता येते.

ऐकणाऱ्याने एक भान ठेवायला हवे. यातले काही पॉडकास्ट यंत्र विकणाऱ्या कंपन्याच चालवतात आणि ते तसे उघडपणे सांगतातही. त्यांच्या बोलण्यात खोट नसते, पण ज्याच्या दुकानात यंत्र आहे त्याला प्रत्येक अडचणीवर यंत्राचाच उपाय आधी सुचणार. आमच्याकडच्या तरुणांचे मला यासाठी वाईट वाटते, की ते असा एखादा भाग ऐकून आधी कर्ज काढतात आणि मग गिऱ्हाईक शोधतात. सब्लिमेशनचे (उष्णतेने शाईची वाफ करून ती कपड्यात उतरवायचे) यंत्र घेतले आणि नंतर कळले की ती शाई पॉलिस्टरवरच आणि तेही फिकट रंगावरच बसते, तर सुती टी-शर्टची गिऱ्हाइके दाराशी येऊन परत जातात. माझे मत असे झाले आहे की दर, वेळ आणि गिऱ्हाईक यांबद्दलचे भाग मन लावून ऐकावेत, आणि यंत्राबद्दलचे भाग ऐकल्यावर ते यंत्र वर्षभर चालवलेल्या एखाद्या जवळच्या माणसाकडे जाऊन दिवसभर बसावे.

आणि काही गोष्टी त्या गप्पांत येणारच नाहीत. उधारीबद्दल ते बोलतात, पण गणपती विसर्जनानंतर वर्गणीचा हिशेब लागेपर्यंत थांबायची जी उधारी आपल्याकडे असते तिची त्यांना कल्पना नाही. आपल्या कायद्यात काय आहे हे आपल्याच माणसाने सांगायला हवे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ च्या कायद्यात आहे, आणि १९६१ च्या आयकर कायद्यात ४३ब(ह) कलमाने एप्रिल २०२४ पासून आलेल्या तरतुदीमुळे, मुदत उलटूनही वर्षअखेरीस पैसे बाकी ठेवणाऱ्या व्यावसायिकाला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. आमच्या कंपनीवाल्या गिऱ्हाइकांना बिलावर ही ओळ छापून द्यायला लागल्यापासून हिशेब खात्याचे फोन वेळेत येऊ लागले. मंडळांना हे लागू पडत नाही, तिथे आगाऊ रक्कमच खरी. जीएसटीचेही तसेच, २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के दर लागतो, आणि अजूनही कितीजण १,००० रुपयांची जुनी मर्यादा धरून हुडीची बिले करतात.

हे सगळे एकट्याने ऐकून फारसे होत नाही, असे माझ्या लक्षात येत गेले, आणि त्याला आपल्याच जिल्ह्यातला एक जुना दाखला आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ श्रोतामंडळे चालवली. (तेव्हा आजचा सांगली जिल्हा दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाई आणि आपला सातारा उत्तर सातारा.) दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, शेती आणि गावकीवरचा कार्यक्रम लागायचा, गावातली पंधरा-वीस माणसे एकत्र बसून तो ऐकायची, लगेच त्यावर बोलायची, ठराव करायची आणि आपले प्रश्न रेडिओ केंद्राला लिहून पाठवायची, पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे येत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे या प्रयोगाची पाहणी झाली आणि असे दिसले की जिथे मंडळ होते तिथल्या लोकांची माहिती पुष्कळ वाढली, आणि ज्या गावांत नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते, तिथे ती तितकी वाढली नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. आवाज दोन्हीकडे तोच होता. फरक पडला तो ऐकल्यावर शेजारी बसलेल्या माणसाशी बोलण्याने.

आजच्या काळातले उदाहरणही दूर नाही. माण तालुक्यातल्या म्हसवडला माण देशी फाउंडेशनचे स्वतःचे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. ज्या संस्थेने १९९७ मध्ये ग्रामीण बायकांची सहकारी बँक उभी केली, तिनेच त्यांच्या बोलीत त्यांच्याशी बोलणारी वाहिनीही चालवावी, यात मला मोठी समज दिसते. कर्ज मिळाले तरी दर कसा ठरवायचा हे कुणीतरी आपल्या भाषेत बोलून दाखवल्याशिवाय ते कर्ज फिटत नाही.

म्हणून आम्ही साताऱ्यातले काही छपाईवाले आणि भरतकामवाले महिन्यातून एकदा आमच्या युनिटमध्ये जमू लागलो. भाचा एखादा भाग निवडतो, आम्ही त्यातला तुकडा ऐकतो, तो मराठीत सांगतो आणि मग बोलणे सुरू होते. पहिल्या वेळी कुणीच दराबद्दल तोंड उघडेना. शेवटी मीच आमचे दरपत्रक मधोमध टेबलावर ठेवले. तेव्हा खणआळीतले एक वयाने मोठे छपाईवाले म्हणाले, "ताई, हे उद्या सगळ्या साताऱ्यात होईल. गिऱ्हाईक तुमच्यापेक्षा पाच रुपयांनी स्वस्त शोधेल."

"शोधू दे, काका," मी म्हणाले. "पण जो पाच रुपयांनी स्वस्त देईल त्याला तासाला किती पडतात, ते त्याने आधी इथे मांडून दाखवावे."

काकांनी कागद ओढून घेतला आणि आपल्या एका जर्सीच्या ऑर्डरचा हिशेब मांडायला घेतला. वाहतुकीचे आणि बिघडलेल्या नगांचे पैसे त्यांनी कधीच धरले नव्हते. बेरीज झाल्यावर ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारले, "फ्रेमचे वेगळे घेता म्हणता, ते गिऱ्हाइकाला सांगता कसे?" त्यानंतर दोन तास कुणी उठले नाही. त्या बैठकीनंतर दर पाडायचा खेळ थांबला असे मी म्हणणार नाही, पण आमच्यापैकी कुणी ऑर्डर नाकारली तर दुसऱ्याला फोन करून सांगते की अमुक दराला मी सोडली आहे, तू घेतलीस तर विचार करून घे. मोठे काम आले तर दोघे मिळून वाटून घेतात, आणि एकाची फ्रेम फाटली तर दुसऱ्याच्या युनिटमध्ये रात्री छपाई होते.

आता आम्ही स्वतःच्या आवाजात मराठीत बोलणे ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आहे. फोनवरच मुद्रण होते, मागे कॉम्प्रेसरचा आवाज येतो, आणि ते व्हॉट्सॲपवरून कऱ्हाड, वाई, फलटण, कोरेगाव असे फिरते. पहिल्या भागात वर दिलेलाच पन्नास टी-शर्टचा हिशेब होता. त्यावर फलटणहून घरी शिलाई आणि हीट प्रेस दोन्ही चालवणाऱ्या एका बाईंनी आवाजी निरोप पाठवला. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचे साडेबारा तास मी ऐकले. पण माझे काम सलग होत नाही. प्रेस तापत ठेवते, भाकरी टाकते, चार टी-शर्ट काढते, पोराला शाळेत सोडते, पुन्हा येते. माझे तास मी कसे मोजू?" हा प्रश्न अमेरिकेतल्या एकाही भागात माझ्या ऐकण्यात आलेला नाही, आणि आपल्याकडे तर हे काम करणाऱ्या अर्ध्याअधिक बायकांचा तोच प्रश्न आहे. बैठकीत त्यावर बोलून आम्ही असे ठरवले की तास न मोजता एका तापवणीत किती नग निघतात आणि दिवसात अशा तापवण्या किती होतात ते मोजावे, कारण प्रेस तापायला जो वेळ आणि वीज लागते ती प्रत्येक खंडानंतर नव्याने लागते आणि खरा तोटा तिथेच आहे. त्या बाई सध्या आठवडाभर तशी नोंद ठेवत आहेत, आणि पुढच्या भागात तो हिशेब त्या स्वतःच मांडून सांगणार आहेत.